वृद्धाश्रमांना साहित्य पुरवणाऱ्या कंपनीचा सप्टेंबर : महिनाभराच्या कामाची सविस्तर आखणी

वृद्धाश्रम, शुश्रूषा केंद्रे आणि घरीच अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची कुटुंबे यांना डायपर, अंडरपॅड (अंथरुणावर घालायचे शोषक पॅड), हातमोजे, कॅथेटर (लघवी काढण्याची नळी), एअर बेड (हवेच्या कप्प्यांची गादी), व्हीलचेअर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे यंत्र) असे साहित्य पुरवणाऱ्या लहान-मोठ्या कंपन्या पुणे, तळेगाव, पनवेल, नाशिक या पट्ट्यात काम करतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साठ वर्षांवरील लोकांचे प्रमाण ९.९ टक्के होते आणि देशाचे ८.६ टक्के. मुले परगावी किंवा परदेशी असलेल्या घरांत वृद्धांची देखभाल बाहेरच्या माणसांवर आणि बाहेरून येणाऱ्या साहित्यावर अवलंबून असते. अशी कंपनी चालवणाऱ्यांसाठी, किंवा ती सुरू करू पाहणाऱ्यांसाठी, हा लेख आहे. पुण्यात गोदाम असलेली, दहा-पंधरा माणसांची कंपनी डोळ्यांसमोर ठेवून त्यात सप्टेंबर २०२६ या महिन्याची आखणी मांडली आहे, कारण पावसाळ्याची अखेर, गणेशोत्सव, कराच्या तारखा आणि आरोग्यविषयक जागतिक दिवस या सगळ्यांची गाठ याच महिन्यात पडते.

संपूर्ण आखणी एका विचारावर उभी आहे. ग्राहकाची मागणी येईपर्यंत थांबणे हेच या व्यवसायातील बहुतेक अडचणींचे मूळ आहे. वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापिका फोन करतात तेव्हा कपाटात शेवटची दोन पाकिटे उरलेली असतात, आणि ती संपली की त्रास होतो तो ओल्या अंथरुणात रात्र काढणाऱ्या माणसाला. त्यामुळे महिना आखायचा तो मागणीवरून न आखता खपावरून आखावा, आणि प्रत्येक ‘तातडीच्या’ फोनकडे आपल्या आखणीत कुठे तरी राहिलेली फट म्हणून पाहावे.

ऑगस्टचा शेवटचा आठवडा : खपाची वही

सप्टेंबरचे काम ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातच सुरू होते. प्रत्येक वृद्धाश्रमासाठी एक पान ठेवावे. ते वहीत असो किंवा संगणकावर, त्यात रहिवाशांची नावे मुळीच लिहू नयेत, केवळ खोली आणि खाटेचा क्रमांक लिहावा. कोणाला कोणत्या वस्तू लागतात ही त्या व्यक्तीच्या आरोग्याची खासगी माहिती आहे, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या दृष्टीनेही ती जपली पाहिजे, आणि टेम्पोचालकाच्या हातातील कागदावर ‘अमुक आजोबांना डायपर’ असे लिहिलेले असणे हा त्या आजोबांचा अवमान आहे.

पानावर प्रत्येक खाटेसमोर चार गोष्टी नोंदवाव्यात : व्यक्ती चालती-फिरती आहे की पूर्ण अंथरुणावर, कमरेचे माप, दिवसा व रात्री डायपर किती वेळा बदलला जातो, आणि कॅथेटर, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात अन्न देण्याची नळी), ऑक्सिजन यांपैकी काही सुरू आहे का. चालत्या व्यक्तीला पँटसारखा डायपर सोयीचा पडतो, कारण ती स्वतः तो खाली-वर करू शकते. अंथरुणावरील व्यक्तीला मात्र टेपचाच डायपर द्यावा, नाही तर तो बदलताना प्रत्येक वेळी दोन्ही पाय उचलावे लागतात आणि मावशींच्या पाठीवर व रुग्णाच्या कातडीवर विनाकारण ताण येतो. मापाच्या बाबतीत एक काळजी आवर्जून घ्यावी. निरनिराळ्या कंपन्यांचे ‘मीडियम’ आणि ‘लार्ज’ सारखे नसतात. म्हणून वहीत अक्षर न लिहिता इंचांतील माप लिहावे आणि पाकिटावरील तक्त्याशी ते ताडून पाहावे.

हिशेब कसा करावा हे एका उदाहरणाने पाहू. चाळीस रहिवाशांच्या एखाद्या वृद्धाश्रमात अठरा जणांना डायपर लागतो आणि प्रत्येकाला दिवसरात्र मिळून सरासरी चार लागतात असे धरले, तर रोजचा खप ७२ आणि तीस दिवसांचा खप २१६० होतो. दहा नगांच्या पाकिटांत सांगायचे तर २१६ पाकिटे. वितरकाकडून माल येण्यास पाच दिवस लागत असतील आणि आणखी चार दिवसांचा राखीव साठा ठेवायचा असेल, तर ७२ गुणिले ९ म्हणजे ६४८ नग ही त्या वृद्धाश्रमापुरती पुनर्मागणीची पातळी ठरते. साठा त्याखाली उतरला की कोणाच्याही फोनची वाट न पाहता खरेदीचा कागद निघाला पाहिजे. मात्र हा हिशेब मापनिहाय करावा. एकूण आकडा भरपूर दिसत असतो आणि प्रत्यक्षात एक्स्ट्रा लार्जचे एकही पाकीट नसते, हा प्रकार गोदामांत फार वेळा घडतो.

याच आठवड्यात व्यवस्थापिकांशी एक प्रश्न मोकळेपणाने बोलून घ्यावा : गणपतीत किती नवे रहिवासी तात्पुरते येणार आहेत? अनेक कुटुंबे उत्सवासाठी कोकणात किंवा गोव्यात मूळ गावी जातात, प्रवास न झेपणाऱ्या आई-वडिलांना दहा-पंधरा दिवसांसाठी वृद्धाश्रमात ठेवतात, आणि त्याच वेळी काही कायमचे रहिवासी मुलांकडे जातात. गेलेल्या आणि आलेल्या माणसांची संख्या सारखी असली तरी त्यांच्या गरजा सारख्या नसतात. जाणारे बहुधा चालते-फिरते असतात आणि येणारे अंथरुणावरचे. खप वाढतो तो यामुळे.

१ ते ५ सप्टेंबर : मोजणी, कागदपत्रे आणि आलेला माल

महिन्याच्या पहिल्या दिवशी गोदामाची प्रत्यक्ष मोजणी करावी. संगणकातील आकडा आणि फळीवरील माल यांत तफावत सापडली तर ती लगेच दुरुस्त करून न टाकता आधी तिचे कारण शोधावे : चुकीच्या मापाचे पाकीट गेले, नमुना म्हणून दिलेल्या मालाची नोंद राहिली, की परत आलेला माल पुन्हा चढवलाच गेला नाही. ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी बाहेर जाईल अशा रीतीने फळ्या लावाव्यात. निर्जंतुक वस्तूंचे, म्हणजे कॅथेटर, सक्शन ट्यूब, ड्रेसिंग यांचे वेष्टन पावसाळ्याच्या दमटपणाने ओलावले, फुगले किंवा फाटले असेल, तर छापलेली मुदत कितीही शिल्लक असली तरी तो माल बाजूला काढावा. भिंतीला टेकवून आणि थेट जमिनीवर खोके ठेवू नयेत. लाकडी किंवा प्लास्टिकच्या चौकटीवर ठेवावेत. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांवर साठवणुकीचे जे तापमान छापलेले असते ते पाळण्यासाठी गोदामात तापमापक लावून सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवावी.

कागदपत्रांच्या बाबतीत ज्यांनी अजून दुर्लक्ष केले असेल त्यांनी हा महिना वाया घालवू नये. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले, १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली, आणि २०२२ मधील दुरुस्तीने उपकरणांच्या विक्रीसाठी एमडी-४२ नमुन्यातील नोंदणी प्रमाणपत्राची तरतूद झाली. अर्ज एमडी-४१ नमुन्यात राज्याच्या परवाना अधिकाऱ्यांकडे, म्हणजे महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे करावयाचा असतो, आणि त्यासाठी पुरेशी जागा, योग्य साठवण व जबाबदार तांत्रिक व्यक्ती दाखवावी लागते. आपल्या यादीतील कोणती वस्तू वैद्यकीय उपकरणात मोडते आणि धोक्याच्या प्रमाणानुसार केलेल्या अ, ब, क, ड यांपैकी कोणत्या वर्गात येते याचा एक तक्ता करून गोदामात लावावा. औषधे विकायची असतील तर त्याचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. वृद्धाश्रमाने ‘सोबत दोन मलमेही पाठवा’ म्हटले म्हणून औषधे परवान्याशिवाय टेम्पोत चढता कामा नयेत.

आलेला माल उतरवून घेताना बिलावरील बॅच क्रमांक आणि खोक्यावरील बॅच क्रमांक जुळतो का हे पाहावे आणि तोच क्रमांक पुढे आपल्या बिलावर यावा. हे काम कंटाळवाणे आहे यात शंका नाही. परंतु एखाद्या बॅचमध्ये दोष निघाला तर ती कोणत्या सात वृद्धाश्रमांत गेली हे तासाभरात सांगता येणे केवळ या नोंदीमुळेच शक्य होते.

गणपतीआधीचा आठवडा आणि उत्सवातील वाहतूक

२०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे, आणि अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला, शुक्रवारी. या बारा दिवसांत पुण्यातील मध्यवस्तीचे अनेक रस्ते संध्याकाळनंतर वाहनांना बंद असतात, विसर्जनाच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तर शहर ओलांडणे अवघड असते, आणि मुंबई-गोवा महामार्गावर उत्सवाच्या काळात अवजड वाहनांवर निर्बंध येतात. त्यातच भिवंडीच्या आगारांतून येणारा माल या दिवसांत हमखास रेंगाळतो, कारण चालक आणि हमाल गावी गेलेले असतात.

म्हणून ७ ते १२ सप्टेंबर हा आठवडा केवळ पोहोचवण्यासाठी मोकळा ठेवावा आणि प्रत्येक वृद्धाश्रमात २७ सप्टेंबरपर्यंत पुरेल इतका माल आधीच उतरवावा. येथे दोन अडचणी येतात. पहिली जागेची : बहुतेक वृद्धाश्रमांत साठवणीची खोली लहान असते आणि तिथे आधीच जुन्या खाटा, कुबड्या, देणगीत आलेल्या साड्या यांची गर्दी असते. आपला माणूस पाठवून त्या खोलीची एक भिंत मोकळी करून देणे आणि मापनिहाय चिठ्ठ्या लावून देणे यासारखी उपयोगी सेवा दुसरी नाही, आणि ती देताना कंपनीचा फार तर अर्धा दिवस जातो. दुसरी अडचण पैशाची असते. जास्तीचा माल घेतला की बिल मोठे होते आणि धर्मादाय संस्थांना ते एकदम झेपत नाही. अशा वेळी माल एकत्र द्यावा, परंतु बिलाची वसुली दोन हप्त्यांत ठरवून घ्यावी व तसे लेखी कळवावे.

माल उतरवण्याची वेळ सकाळी दहा ते बारा अशी असावी. त्याआधी अंघोळी, न्याहारी, औषधे यांची घाई असते, आणि दुपारी एक ते चार ही रहिवाशांच्या विश्रांतीची वेळ असते. तेव्हा खोके ओढण्याचा आवाज करणे योग्य नाही. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तींना अनोळखी माणसांची ये-जा अस्वस्थ करते, म्हणून प्रत्येक ठिकाणी शक्य तो एकच टेम्पोचालक कायम ठेवावा, त्याने ओळखपत्र लावावे आणि ताप-खोकला असताना आत जाऊ नये.

राज्यांतर्गत वाहतुकीत एका खेपेच्या मालाची किंमत १ लाख रुपयांहून अधिक असल्यास महाराष्ट्रात ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी जीएसटीच्या संकेतस्थळावर काढायचे पत्रक) लागते, तर गोव्यासारख्या दुसऱ्या राज्यात माल जाणार असेल तर ही मर्यादा ५० हजार रुपये आहे. कोल्हापूर, सिंधुदुर्गमार्गे गोव्यात माल पाठवणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा. कोकणातील वृद्धाश्रमांना माल द्यायचा असेल तर घाटांतील दरडींचा अंदाज घेऊन तो सप्टेंबरच्या पहिल्या तीन-चार दिवसांतच रवाना करणे शहाणपणाचे ठरते.

उत्सवातही एक फोन चालू असला पाहिजे. आठवडाभराची पाळी लावून एक जबाबदार कर्मचारी, एक दुचाकी आणि एक लहान ‘तातडीचा संच’ तयार ठेवावा : सर्व मापांचे डायपर, १४ व १६ क्रमांकाचे फोली कॅथेटर, लघवीच्या पिशव्या, राइल्स ट्यूब, हातमोजे, एअर बेडचा एक जादा पंप आणि ऑक्सिजनच्या नळ्या. मिरवणुकीच्या गर्दीत टेम्पो अडकतो, दुचाकी मात्र गल्लीबोळांतून पोहोचते.

भाड्याची उपकरणे : सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा

डायपर उशिरा पोहोचला तर हाल होतात. ऑक्सिजनचे यंत्र बिघडले तर जीव जाऊ शकतो. म्हणून भाड्याने दिलेल्या प्रत्येक उपकरणाला अनुक्रमांक, स्वतंत्र नोंदपत्रक आणि महिन्यातून एक प्रत्यक्ष तपासणी असलीच पाहिजे. फोनवर ‘सगळे ठीक आहे ना’ असे विचारणे म्हणजे तपासणी नव्हे.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरपासून सुरुवात करावी. हे यंत्र हवेतील नायट्रोजन वेगळा करून सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन देते आणि त्यात तीन टक्के कमी-अधिक चालते. तपासणीला जाणाऱ्या तंत्रज्ञाजवळ शुद्धता मोजण्याचे उपकरण असावे आणि रुग्णाला लावलेल्या प्रवाहावर, यंत्र काही मिनिटे चालू ठेवल्यावरच मोजणी करावी. शुद्धता घसरलेली आढळली तर ‘पुढच्या आठवड्यात पाहू’ असे न म्हणता यंत्र त्याच दिवशी बदलावे. बाहेरची जाळी आठवड्यातून एकदा धुऊन पूर्ण वाळवून बसवायची असते आणि आर्द्रतेच्या बाटलीतील शुद्ध पाणी रोज बदलायचे असते. ही दोन कामे वृद्धाश्रमातील कोणी करायची हे नावानिशी ठरवून यंत्राजवळ चिठ्ठी लावावी.

पावसाळ्यात वीज जाते, विशेषतः शहराबाहेरच्या केंद्रांत. पाच लिटरचे कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० ते ४०० वॅट घेते, त्यामुळे घरगुती इन्व्हर्टरवर ते किती वेळ चालेल हे गृहीत धरू नये, प्रत्यक्ष चालवून पाहावे. पर्याय म्हणून सिलिंडर हवाच. ‘बी’ प्रकारच्या सिलिंडरमध्ये सुमारे दीड घनमीटर, म्हणजे दीड हजार लिटर वायू असतो. मिनिटाला दोन लिटरच्या प्रवाहाने तो जेमतेम साडेबारा तास पुरतो आणि पाच लिटरने पाच तास. हा हिशेब मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावा, कारण रात्री दोन वाजता कोणी गुणाकार करत बसत नाही. काळे अंग आणि पांढरा खांदा ही वैद्यकीय ऑक्सिजनच्या सिलिंडरची ओळख आहे. त्यावरील जलदाब चाचणीची तारीख पाहावी, कारण ही चाचणी दर पाच वर्षांनी व्हावी लागते. सिलिंडर उभा आणि साखळीने बांधलेला असावा. त्याच्या झडपेला किंवा रेग्युलेटरला तेल, ग्रीस किंवा तेलकट हात कधीही लागू देऊ नये, आणि गणपतीच्या दिवसांत त्याच खोलीत समई, उदबत्ती किंवा कापूर लावला जाणार नाही हे स्पष्ट शब्दांत सांगावे. देव्हारा खोलीतच असेल तर आरती दुसऱ्या खोलीत करण्याची विनंती करावी. समजावून सांगितले तर लोक ऐकतात.

एअर बेडच्या बाबतीत तक्रारी बहुधा यंत्राच्या नसून वापराच्या असतात. पंपाचा दाब रुग्णाच्या वजनानुसार लावायचा असतो, पण तो अनेकदा ‘जास्तीत जास्त’वर असतो आणि गादी फळीसारखी कडक होते. रुग्ण झोपलेला असताना गादीच्या हवेच्या कप्प्यांखाली माकडहाडाच्या जागी तळहात सरकवून पाहावा. तळहात आणि शरीर यांच्यामध्ये साधारण एक इंच फुगीर भाग जाणवला पाहिजे. गादीवर एकच सैलसर चादर असावी. तिच्यावर गोधडी, रबरी शीट, अंडरपॅड आणि पुन्हा चादर असे थर चढवले की हवेच्या कप्प्यांचा उपयोगच उरत नाही. एअर बेड आहे म्हणून कूस बदलणे थांबवायचे नसते, हेही प्रत्येक भेटीत सांगावे. दर दोन तासांनी कूस बदलण्याची नोंद ठेवणारा छोटा तक्ता गादीसोबतच द्यावा.

खाट, व्हीलचेअर, कमोड खुर्ची आणि वॉकर यांची तपासणी कमी वेळात होते. ब्रेक लागतात का, पायटे घट्ट आहेत का, खाटेचे कठडे वर अडकतात का आणि वॉकरच्या पायांचे रबरी बूट झिजले आहेत का, एवढे पाहावे. रबरी बुटांची किंमत अगदी थोडी असते आणि ओल्या फरशीवर पडून खुब्याचे हाड मोडण्याचा धोका त्यांच्यामुळे कमी होतो, म्हणून तपासणीच्या पिशवीत ते नेहमी असावेत आणि मोफत बदलून द्यावेत.

१७ आणि २१ सप्टेंबर : प्रशिक्षणाचे दिवस

१७ सप्टेंबर हा जागतिक रुग्ण सुरक्षा दिन आणि २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन आहे. या दिवशी फलक लावून छायाचित्रे काढण्यापेक्षा वृद्धाश्रमातील मावशी आणि मामांना त्यांच्या कामाचे काही शिकवावे. बारा तासांच्या पाळ्या असल्याने दिवसपाळी आणि रात्रपाळी अशी दोन सत्रे घ्यावी लागतात. रात्रपाळीला वगळले तर अर्धे प्रशिक्षण वाया गेले असे समजावे, कारण कातडी खराब होते ती रात्रीच. सत्र पाऊण तासाहून मोठे नसावे, ते मराठीत आणि गरज असेल तर हिंदीत व्हावे, आणि शिकवणारी व्यक्ती अनुभवी परिचारिका असावी, विक्री प्रतिनिधी नव्हे.

पहिल्या सत्रात डायपर बदलण्याची पद्धत प्रत्यक्ष दाखवावी : पुढून मागे पुसणे, कातडी टिपून कोरडी करणे, जांघांत पावडर न भरता संरक्षक मलमाचा पातळ थर देणे, टेप आधी खालचे मग वरचे लावणे, आणि पायांभोवतीच्या झालरी बाहेर काढणे. गळतीच्या तक्रारींतील मोठा भाग या झालरी आत दुमडल्या गेल्याने उद्भवतो. याच वेळी खर्चाचा हिशेबही समजावून सांगता येतो. समजा, २२ रुपयांचा डायपर दिवसात पाच वेळा बदलावा लागतो आणि ३० रुपयांचा तीन वेळा. तर पहिल्याचा रोजचा खर्च ११० रुपये आणि दुसऱ्याचा ९० रुपये होतो. व्यवस्थापक नगाची किंमत पाहतात, त्यांना दिवसाची किंमत पाहण्याची सवय लावणे पुरवठादाराचे काम आहे. त्याच वेळी, ज्या व्यक्तीला थोडी मदत आणि वेळेवर आठवण करून दिली तर शौचालयापर्यंत जाता येते तिला डायपरची सवय लावू नये, हेही तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे, मग आपली विक्री कमी झाली तरी चालेल.

अल्झायमर दिनाच्या सत्रात स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती डायपर ओढून का काढते, अंघोळीला विरोध का करते, संध्याकाळी अस्वस्थ का होते यावर बोलावे. काम सुरू करण्यापूर्वी समोर येऊन, नजरेस नजर देऊन, काय करणार आहोत ते एका छोट्या वाक्यात सांगणे आणि ‘आजी’, ‘काका’ अशी त्या व्यक्तीला आवडणारी हाक मारणे याने जे साधते ते कोणत्याही उत्पादनाने साधत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांकही याच सत्रात सर्वांना द्यावा.

कचऱ्याचा विषय शेवटी पण नक्की घ्यावा. घनकचरा नियमांत वापरलेले डायपर आणि अंडरपॅड हे स्वच्छताविषयक कचरा म्हणून ओळखले गेले आहेत आणि ते गुंडाळून वेगळे द्यायचे असतात. सुया, रक्ताने माखलेली ड्रेसिंग, कॅथेटर यांना मात्र जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम लागतात व त्यांच्या पिशव्यांचे रंग ठरलेले आहेत. डायपरच्या प्रत्येक खोक्यासोबत गुंडाळण्याचा कागद किंवा पिशव्या देण्याची पद्धत पुरवठादाराने सुरू केली तर सफाई कर्मचाऱ्यांचे काम थोडे तरी माणुसकीचे होते.

तक्रार आली तर

तक्रार दोन प्रकारची असते. माप चुकले, पाकीट कमी आले, टेप चिकटत नाही, या तक्रारी त्याच दिवशी माल बदलून मिटवाव्यात. पण पुरळ उठले, कॅथेटरचा फुगा फुटला, यंत्राने धोक्याची सूचना दिली नाही, अशा घटनेत वस्तू फेकू न देता बॅच क्रमांकासह बाजूला ठेवण्यास सांगावे, गोदामातील त्याच बॅचचा माल रोखून धरावा, उत्पादकाला लेखी कळवावे आणि मटेरिओव्हिजिलन्स, म्हणजे वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या अपायांची नोंद घेणाऱ्या कार्यक्रमाकडे अहवाल पाठवावा. हा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै २०१५ मध्ये सुरू झाला असून गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोग तो चालवतो. १८००-१८०-३०२४ हा त्याचा निःशुल्क क्रमांक आहे. अहवाल पाठवणे म्हणजे आपण दोष कबूल करणे असा गैरसमज पुरवठादारांमध्ये आहे, तो सोडून द्यावा.

पैसा आणि तारखा

ऑगस्टचा टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला प्राप्तिकर) ७ सप्टेंबरपर्यंत, जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरण ११ पर्यंत, भविष्य निर्वाह निधी आणि राज्य कामगार विम्याची रक्कम १५ पर्यंत, आगाऊ प्राप्तिकराचा दुसरा हप्ता १५ पर्यंत आणि जीएसटीआर-३बी हे कर भरण्याचे विवरण २० पर्यंत भरायचे असते; तिमाही विवरणाची सवलत घेतलेल्यांच्या तारखा वेगळ्या असतात. यंदा १४ तारखेला चतुर्थी आणि २० तारखेला रविवार येत असल्याने ही सर्व कामे १२ तारखेच्या आत उरकावीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वैद्यकीय उपकरणांवरील जीएसटी ५ टक्क्यांवर आला. दर कमी झाल्याचा लाभ जुन्या दरपत्रकांमुळे वृद्धाश्रमांपर्यंत पोहोचायचा राहिला नाही ना, हे प्रत्येक ग्राहकाच्या दरपत्रकावर पुन्हा तपासावे.

उधारीबाबत स्पष्ट असणे दोघांच्याही हिताचे आहे. धर्मादाय संस्थेची देणगी उत्सवाच्या काळात येते, तर खासगी केंद्राचे शुल्क महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जमा होते. वसुलीची तारीख या ओघानुसार ठरवावी. थकबाकी झाली तरी डायपर आणि ऑक्सिजन यांचा पुरवठा अचानक तोडू नये. अशा ग्राहकाला आठवड्याच्या खपाइतकाच माल देत जावे, विश्वस्तांशी समोरासमोर बसून बोलावे आणि हप्ते लिहून घ्यावेत.

उपकरण परत येते तेव्हा

भाड्याची खाट किंवा यंत्र परत येण्याचे कारण बहुतेक वेळा त्या घरातील माणसाचे निधन हेच असते. भाडे निधनाच्या दिवशीच थांबवावे. यंत्र उचलण्यास दहा दिवस लागले तरी त्या दिवसांचे पैसे घेऊ नयेत. वसुलीचा किंवा उचलण्याचा फोन आपण होऊन दिवसकार्य संपेपर्यंत करू नये, मात्र कुटुंबानेच ‘खाट लवकर न्या’ म्हटले तर त्याच दिवशी जावे, कारण रिकामी खाट पाहणे अनेकांना सहन होत नाही. अनामत रक्कम न मागता परत करावी.

परत आलेले उपकरण गोदामात शिरताना ‘अस्वच्छ’ असा लाल पट्टा लावलेल्या जागीच ठेवावे. आधी साबणाच्या पाण्याने मळ काढावा, मग टणक पृष्ठभागांवर एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट दहा मिनिटे ठेवून साध्या पाण्याने पुसावे, नाही तर धातू गंजतो. पाच टक्क्यांचे द्रावण मिळते त्याच्या एका भागात चार भाग पाणी मिसळले की हे प्रमाण साधते, आणि ते रोज ताजे करावे. पंप व यंत्रांचे बाहेरचे भाग ७० टक्के अल्कोहोलने पुसावेत. नाकाच्या नळ्या, मास्क, आर्द्रतेची बाटली कधीही दुसऱ्या रुग्णाला देऊ नये. कुटुंबाने परत दिलेली निर्जंतुक वस्तूंची पाकिटे, ती न उघडलेली असली तरी, पुन्हा विकू नयेत. ती कोणत्या तापमानात राहिली हे आपल्याला माहीत नसते.

२६ ते ३० सप्टेंबर : ताळमेळ

विसर्जनानंतरचा पहिला कामाचा दिवस वृद्धाश्रमांच्या साठ्याची मोजणी करण्यात घालवावा. तात्पुरते आलेले रहिवासी घरी परततात, त्यांच्यासाठी आणलेला माल शिल्लक राहतो. तो दुसऱ्या केंद्राच्या मागणीत वळवता येतो, पण पाकीट सीलबंद असेल आणि वृद्धाश्रमाच्या खोलीत ओल नसेल तरच. अंदाजातील खप आणि प्रत्यक्ष खप यांची तुलना मापनिहाय करावी. एखाद्या केंद्रात खप एकाएकी घटला असेल तर ती बचत समजून आनंद मानू नये. रहिवासी कमी झाले नसतील तर डायपर बदलण्याच्या फेऱ्या कमी झाल्या आहेत का, हे व्यवस्थापिकांना विश्वासात घेऊन विचारावे. पुरवठादाराच्या वहीतील हा आकडा कधी कधी देखभालीतील ढिलाई सर्वांत आधी दाखवतो.

महिनाभरात आलेल्या तातडीच्या फोनांची यादी काढून प्रत्येकापुढे कारण लिहावे : माप चुकीचे नोंदले, वितरकाने उशीर केला, नवा रहिवासी कळवला गेला नाही, की पंप जुना झाला होता. त्या कारणांवरून ऑक्टोबरची राखीव पातळी ठरवावी. २० ऑक्टोबरला दसरा आणि ८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आहे. दिवाळीत कारखाने व वाहतूकदार आठवडाभर बंद असतात, म्हणून त्या काळातील डायपर, अंडरपॅड आणि हातमोज्यांची खरेदी ३० सप्टेंबरलाच वितरकाकडे नोंदवावी आणि १ ऑक्टोबरच्या जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनाच्या भेटीत प्रत्येक व्यवस्थापिकेकडून दिवाळीत घरी जाणाऱ्या व येणाऱ्या रहिवाशांची यादी, खाटेच्या क्रमांकांनुसार, घेऊन यावी.